सोन्यावांचून सोनें

(आकाशवाणीवरून केलेलें भाषण)

आजचा माझा विषय आपणांपैकीं पुष्कळांना पोरकट वाटेल. बोटाच्या एका पेराएवढ्या पुतळीच्या शिरस्त्राणाला सोन्याचा रंग कसा द्यावा, हा तो विषय. आयुष्यभर गणित आणि व्याकरण शिकविलेल्या माणसानें साठी उलटल्यावर हा उद्योग कां आरंभावा, असें कोणी विचारील, तर त्याचें कारण माझा नातू. तो परगांवीं कॉलेजांत असतो, आणि सुटींत घरीं येतांना पुस्तकांऐवजीं एक कप्प्याकप्प्यांची पेटी घेऊन येतो. त्या पेटींत स्पंजाच्या गादीवर त्याची सेना निजलेली असते.

ही सेना विलायतेंतली. चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळण्याचा छंद इंग्लंडांत जुना आहे. विल्यम ब्रिटन यांनीं १८९३ सालीं आंतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्याची युक्ति काढली, तेव्हां ते सामान्य घरांतल्या मुलांच्या आटोक्यांत आले; आणि एच. जी. वेल्स या नामांकित कादंबरीकारानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून प्रौढांनींही हा खेळ कसा खेळावा त्याचे नियम घालून दिले. पुढें १९८३ सालीं 'वॉरहॅमर' नांवाचा, काल्पनिक राज्यांच्या युद्धांचा खेळ निघाला. तो काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी नॉटिंगहॅम शहरीं आहे. या खेळांतले सैनिक बहुधा न रंगविलेले, सुटे भाग जोडावयाचे असे मिळतात; ते ज्याचे त्यानें रंगवावे. रंगविण्याची ही बाजू इतकी वाढली कीं, १९८७ सालापासून तिच्या 'गोल्डन डीमन' नांवाच्या स्पर्धा होत आल्या, आणि कित्येक लोक तर खेळाकडे ढुंकूनही न पाहतां केवळ रंगविण्यासाठींच पुतळ्या विकत घेतात.

या खेळाच्या एका शाखेंत बादशहाचे जे अंगरक्षक कल्पिलेले आहेत, ते नखशिखांत सोन्याच्या चिलखतांत असतात. गेल्या दिवाळींत नातवानें त्यांतला एक माझ्या हवालीं केला. "आजोबा, हा तुमचा," म्हणाला, "रंग पेटींत आहेत." मीं 'सोनेरी' असें लिहिलेली बाटली शोधून काढली, एक संध्याकाळ खर्चून त्या वीराला आपादमस्तक रंगविला, आणि सकाळीं चष्मा लावून पाहिलें. सोनेरी कागदांत गुंडाळलेलें चॉकलेट मुठीच्या उष्णतेनें थोडें दबावें, तसा तो दिसत होता. नातवाचा स्वभाव आईवर गेला आहे, तो म्हणाला, "लांबून बरा दिसतो."

जवळून कां दिसत नाहीं, याचा शोध मीं तेव्हांपासून आरंभिला. त्याचीं दोन कारणें मला कळलीं तीं सांगतों.

सोनेरी रंगाच्या बाटलींत सोनें नसतें, हें सांगावयास नकोच. आपल्याकडे पूर्वीपासून मिळत आलेली ब्राँझ पावडर म्हणजे तांबें व जस्त यांच्या मिश्रधातूची पूड. ती वार्निशांत कालवून चौकटींना आणि मातीच्या मूर्तींना लावीत, आणि ती कालांतरानें काळवंडे. आजच्या पाण्यांत मिसळणाऱ्या रंगांत बहुतकरून अभ्रकाचे अतिसूक्ष्म कपचे असतात व त्यांवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर चढविलेला असतो. असा कपचा साधारणतः १० ते ६० मायक्रॉन रुंद. म्हणजे मिलिमीटरचा एक शतांश ते सहा शतांश. आतां जुन्या संवयीनें थोडें त्रैराशिक मांडूं. माणूस सुमारें १७०० मिलिमीटर उंच, पुतळी सुमारें २८ मिलिमीटर. प्रमाण साठास एक. कपच्याला साठानें गुणिलें, तर तो अर्ध्या मिलिमीटरपासून साडेतीन मिलिमीटरपर्यंत येतो. म्हणजे त्या वीराच्या जगांत त्याचें चिलखत घोटून गुळगुळीत केलेल्या सोन्याचें नसून टिकल्या चिकटविलेल्या झग्यासारखें ठरतें! आपला डोळा हें गणित करीत नाहीं, परंतु त्याचें उत्तर मात्र त्याला अचूक कळतें.

दुसरें कारण याहून खोल आहे. चकाकी ही धातूच्या अंगांत नसते. ती भोंवतालच्या जगाची असते. उघड्या मैदानांत उभ्या असलेल्या योद्ध्याच्या सोन्याच्या टोपांत वरच्या बाजूस आकाश दिसतें, मध्यें क्षितिजाची काळपट रेघ दिसते, आणि खालीं उन्हानें तापलेल्या जमिनीचा तांबूस उजेड दिसतो. पुतळीच्या टोपांत काय दिसतें? माझी खोली, माझा टेबलावरचा दिवा, आणि वर वांकलेलें माझें डोकें. तेंही इतक्या लहान गोलाव्यावर कीं, दिव्याचें प्रतिबिंब मोहरीच्या शतांशाएवढें होतें आणि बाकीचा सगळा भाग एकसारखा मंद राहतो. पुतळी लहान केली म्हणून प्रकाश लहान होत नाहीं. ज्या जागीं उजेड हवा तेथें तो पडत नाहीं, आणि नको तेथें चमकतो.

ही तक्रार माझी नवी नाहीं. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या इटालियन पंडितानें १४३५ सालीं चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत ती स्पष्ट मांडलेली आहे. त्याच्या काळचे चित्रकार संतांच्या प्रभावळींना व राजवस्त्रांना सोन्याचा खरा वर्ख चिकटवीत. आल्बेर्तीचें म्हणणें असें कीं, सपाट फळीवर वर्ख लाविला म्हणजे जो भाग तेजस्वी दिसावयास पाहिजे तो पाहणाऱ्याला काळा दिसतो, आणि जो काळसर असावयाचा तो उजळ दिसतो. व्हर्जिल कवीच्या काव्यांतील दीदो राणीचा भाता सोन्याचा, केशबंध सोन्याचा, वस्त्राचा आंकडा सोन्याचा; तरी तिचें चित्र काढतांनाही वर्ख वापरूं नये, साध्या रंगांनींच सोन्याचें तेज दाखवावें, त्यांत कारागिराचा गौरव अधिक आहे, असा त्याचा अभिप्राय. पुतळ्या रंगविणारे आजचे लोक ज्या पद्धतीला 'नॉन-मेटॅलिक मेटल' म्हणतात, म्हणजे धातूचा कण न वापरतां रंगविलेला धातु, तिचा सिद्धांत हाच आहे.

येथें मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावांचून पुढें जाणें मला प्रशस्त वाटत नाहीं. नोकरीच्या आरंभींच्या काळांत एकदां चित्रकलेचे शिक्षक रजेवर होते आणि सातवीच्या वर्गावर मला धाडण्यांत आलें. चित्रकलेचें मला कांहींच ज्ञान नव्हतें; परंतु वर्ग गप्प बसविण्याचें होतें. मीं शाळेच्या पाणी पिण्याच्या जागेवरचा एक पितळी तांब्या आणून मेजावर ठेविला आणि तो काढावयास सांगितला. सर्व मुलांनीं तांब्या पिंवळा रंगविला. एका मुलानें मात्र त्याचें पोट जवळजवळ काळें केलें, कांठाशीं तांबूस तपकिरी छटा दिली, आणि एका बाजूला पांढरा, वांकडा चौकोन तसाच कोरा सोडला. मीं त्याला दहांपैकीं तीन गुण दिले व खालीं तांबड्या शाईनें लिहिलें: 'पितळ पिंवळें असतें.' त्यानें वही हातांत घेतली, एकवार तांब्याकडे पाहिलें, एकवार माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तो जागेवर जाऊन बसला. तो वांकडा चौकोन म्हणजे वर्गाची खिडकी होती, हें मला समजण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

आपल्या घरीं एखादा घासलेला पितळी तांब्या असेल तर तो उद्यां सकाळीं खिडकीजवळ ठेवून पाहावा. त्याच्यावर शुद्ध पिंवळा भाग किती, हें बोटानें दाखवावयास जाल तर बोट ठेवावयास जागा सांपडणार नाहीं. गडद तपकिरी पुष्कळ. मातकट पिंवळें मध्यम. फिकें पिंवळें थोडें. आणि पांढरें तांदळाच्या दाण्याएवढें. यांतला तांदळाचा दाणा आणि त्याला लागून असलेला काळोख यांच्या शेजारामुळेंच तो धातु आहे असें आपण म्हणतों. तोच काळोख काढून टाका. तांब्या मातीचा होईल.

सोन्याचा रंग असा कां, याचेंही उत्तर थोडक्यांत देतों. सोनें तांबडा व पिंवळा प्रकाश जवळजवळ सर्व परत फेंकतें आणि निळा-जांभळा बराचसा गिळून टाकतें. त्याच्या अणूच्या गाभ्यांत ७९ प्रोटॉन असल्यामुळें त्याजवळचे इलेक्ट्रॉन इतक्या वेगानें फिरतात कीं आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा नियम तेथें लागू होतो. तो लागू नसता तर सोनें चांदीसारखें पांढरें दिसलें असतें, असें शास्त्रज्ञ सांगतात. चित्रकाराला याचा उपयोग इतकाच. झिलईच्या भांड्यावर किंवा सफरचंदावर उजेडाचा जो ठिपका दिसतो तो पांढराच असतो, वस्तु कोणत्याही रंगाची असो. सोन्यावरचा उजेड मात्र सोन्याचाच रंग घेऊन परततो. म्हणून सोनें रंगवितांना तपकिरीवरून एकदम पांढऱ्यावर उडी मारतां येत नाहीं. मधल्या सगळ्या पिंवळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. शेवटचा पांढरा ठिपका आपण देतों तो नाइलाजानें: खऱ्या सोन्यांतलें सूर्याचें प्रतिबिंब इतकें प्रखर असतें कीं कोणताही रंग तेथवर पोंचूं शकत नाहीं, आणि आपल्या बाटल्यांत पांढऱ्याहून उजळ कांहीं नसतें. वरची मर्यादा अशी ठरलेली असल्यामुळें उजेड दाखवावयाचा तो खालचा भाग काळोखांत ढकलूनच.

आतां प्रत्यक्ष कृति. पुतळीला प्रथम प्रायमरचा पातळ हात द्यावा, नाहींतर प्लास्टिकवर रंग धरत नाहीं. मग टोप, चिलखत, जें कांहीं सोन्याचें करावयाचें तें सगळें गडद तपकिरी करावें. चित्रकलेच्या पेटींतल्या बर्न्ट अंबरसारखें. येथें नवशिक्याचा जीव घाबरतो. सोन्याचा वीर चिखलांत लोळून आल्यासारखा दिसतो. दिसूं द्यावा. त्यावर यलो ऑकर, म्हणजे मातीचा पिंवळा, चढवावा. पण सर्वत्र नव्हे. तत्पूर्वी एक निश्चय करावा लागतो: या पुतळीच्या जगांत सूर्य कोठें आहे? तो एकदां ठरला कीं बदलावयाचा नाहीं. मीं तो वीराच्या उजव्या खांद्यावर, जरा पुढें, असा ठरविला आणि विसरूं नये म्हणून पुतळीच्या बुडाखालीं पेन्सिलीनें बाण काढून ठेविला.

ऑकर हा या कामांतला सज्जन रंग. तपकिरीवर नीट बसतो. शुद्ध पिंवळा मात्र दुबळा असतो, खालचा रंग झांकीत नाहीं, म्हणून त्याला ऑकरच्या पाठीवर बसवूनच न्यावें लागतें. पिंवळ्यानंतर हस्तिदंती, आणि अखेरीस पांढरा. प्रत्येक रंग आधीच्यापेक्षां कमी जागेंत. रंग पातळ असावा, दुधासारखा. आणि एक जाड थर देण्यापेक्षां तीन पातळ थर द्यावे व मध्यें प्रत्येक थर वाळूं द्यावा. मला हें मुळींच जमत नसे. चाळीस मिनिटांच्या तासांत अभ्यासक्रम संपविण्याची ज्याला संवय, त्याला थर वाळण्याची वाट पाहणें ही शिक्षाच! कुंचला फार बारीक घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. अतिबारीक कुंचल्यावरचा रंग पुतळीपर्यंत पोंचण्याआधींच वाळतो. सायबेरियांतील कोलिन्स्की नांवाच्या मुंगुसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा, पोट भरदार व टोंक अणकुचीदार असा एक नंबरचा कुंचला या कामाला उत्तम समजतात. महाग असतो, पण टोंक राखतो.

सांवलीविषयीं एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. पिंवळ्याला गडद करावयाचें म्हणून त्यांत काळा मिसळला, तर सांवली न होतां शेवाळी हिरवा होतो. माझा पहिला वीर दोन दिवस पाणथळ विहिरींत राहिल्यासारखा झाला होता, तो याच चुकीनें. पिंवळ्याची सांवली तांबूस तपकिरीकडे न्यावी. अगदीं खोल खांचेंत थोडा जांभळा घालावा. जांभळा हा पिंवळ्याचा विरोधी रंग असल्यामुळें त्याच्या शेजारीं पिंवळा अधिक पेटतो.

आणि उजेड कोठें द्यावा? हा प्रश्न रंगाचा नाहीं, भूमितीचा आहे, आणि येथें माझ्यासारख्या गणितशिक्षकाला थोडें समाधान लाभलें. गोल टोपावर प्रकाश ठिपक्याच्या रूपानें पडतो. त्या ठिपक्याभोंवतीं पिंवळा, मग ऑकर, मग काळोख, आणि अगदीं खालच्या कडेला पुन्हां एक मंद तांबूस कोर, ती जमिनीवरून उसळलेल्या उजेडाची. ही कोर विसरली कीं टोप अर्धा कापल्यासारखा दिसतो. दंडावरचें किंवा पोटरीवरचें चिलखत नळकांड्यासारखें. त्यावर उजेड ठिपका न होतां उभ्या पट्टीसारखा धांवतो. तलवारीचें पान सपाट. तेथें एका टोंकाला उजेड व दुसऱ्याला काळोख, आणि मधल्या कण्याच्या पलीकडच्या बाजूला बरोबर याच्या उलट. सर्व धारांवर शेवटीं हस्तिदंती रंगाची केंसासारखी रेघ ओढावी, कारण घासलेल्या धातूची कड नेहमीं उजेड पकडते. हात कापत असेल तर दोन्ही मनगटें टेबलाच्या कडेला टेकावीं व कुंचल्याच्या टोंकानें न रेखतां त्याच्या कुशीनें कडेवरून अलगद घसरत जावें. हें मला नातवानें पत्रानें कळविलें.

बर्लिनच्या चित्रसंग्रहालयांत 'सोन्याचा टोप घातलेला मनुष्य' या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक चित्र आहे. १६५० च्या सुमाराचें. तें रेम्ब्रांटचें म्हणून जगभर गाजलें. पुढें १९८५ सालीं तज्ज्ञांनीं तपासणी करून तें त्याच्या स्वतःच्या हातचें नसून त्याच्या परिवारांतल्या कोणाचें तरी असल्याचा निर्णय दिला. हात कोणाचा का असेना, टोप पाहावा. त्याचा बराच भाग तपकिरी काळोख आहे. आणि जेथें प्रकाश आहे तेथें रंग इतका जाड थापलेला आहे कीं त्या उंचवट्यांवर खरा उजेडही अडकतो. पुतळ्या रंगविणारे त्या टोपाची छापील प्रत समोर ठेवून अभ्यास करतात, तें योग्यच आहे.

आपल्याकडील उदाहरण हवें असेल तर राजा रविवर्म्याचें घ्या. तंजावरच्या जुन्या चित्रांत दागिन्यांना खरा वर्ख असतो. रविवर्म्यानें जरीचे कांठ, बांगड्या, मुकुट सर्व तैलरंगांनींच साधले. १८९४ सालीं त्यानें मुंबईस छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रांतल्या घराघरांत लागल्या. गंमत अशी कीं, लोकांनीं त्यांतल्या कांहीं चित्रांवर हौसेनें खरी जर आणि टिकल्या चिकटविल्या. आमच्या आजोळीं अशी एक लक्ष्मी होती. रंगविलेला दागिना चमके, आणि चिकटविलेली जर तिच्यापुढें मलूल दिसे. हें लहानपणीं दिसत होतें, पण कळत नव्हतें.

या पद्धतीचा दोषही सांगितला पाहिजे. चित्र भिंतीवर स्थिर असतें, पुतळी हातांत फिरते. रंगविलेला उजेड मात्र जागचा हलत नाहीं. पुतळी पाठमोरी केली कीं सूर्याची लबाडी उघडी पडते. म्हणून पुष्कळ अनुभवी लोक मधला मार्ग काढतात: चिलखताला अभ्रकाचाच सोनेरी रंग देतात, परंतु सांवलीच्या जागीं त्यावर बिनचकाकीच्या तपकिरीचे पातळ हात चढवून त्याची चमक मारतात आणि उजेडाच्या जागीं चांदी मिसळतात. पन्नास-साठ सैनिकांची फौज टेबलावर हातभर अंतरावरून पाहावयाची असेल, तर माझ्या मतें हेंच शहाणपणाचें. एकेक सैनिक तीन आठवडे रंगवीत बसलों तर युद्ध व्हावयाचें केव्हां? एकच पुतळी कपाटांत एका बाजूनें पाहण्यासाठीं ठेवावयाची असेल, तेव्हां मात्र साध्या रंगांचा मार्ग धरावा.

काम संपल्यावर वर वार्निश द्यावें तें बिनचकाकीचें. चकचकीत वार्निश दिलें कीं खोलींतला दिवा पुन्हां पुतळीवर येऊन बसतो आणि आपण मांडलेल्या सूर्याशीं भांडूं लागतो.

माझा दुसरा वीर संक्रांतीच्या सुमारास पुरा झाला. नातू आला तेव्हां मीं तो कांहीं न बोलतां मेजावर ठेविला. त्यानें तो उचलून दिव्याखालीं धरला, बराच वेळ पाहिला, उलटा करून बुडाखालचा पेन्सिलीचा बाण पाहिला, आणि विचारलें, "आजोबा, सूर्य उजवीकडे आहे ना? मग याच्या डाव्या पोटरीवर हा उजेड कुठून आला?"

मीं पाहिलें. त्याचें म्हणणें खरें होतें. ती पोटरी मी पुन्हां तपकिरी केली आहे. ऑकरचा पहिला हात काल रात्रीं दिला, आणि तो अजून ओला आहे.